पळायला जाताना पिस्तूल

निवृत्त फौजदार आबासाहेबांचा घरात हुकूम सुटला, "सूनबाई, पिस्तुलाशिवाय पहाटे तळ्यावर एकटीने पळायला जायचं नाही."

शलाकाचा दिवसभरातला तेवढाच एक तास स्वतःचा होता. लेकीला कडेवर घेऊन ती मुकाट्याने आबांच्या मागे बंदुकीच्या दुकानात गेली.

आबांनी तळहातात मावेल एवढं पिस्तूल निवडलं. "हे व्यायामालाही चालेल नि रोजच्यालाही. कुणाला दिसणार नाही, पण हात क्षणात पोचेल."

शलाकाने ते रिकामं पिस्तूल कुर्त्याखाली कमरेला खोचून पाहिलं. तिच्या आधी लेकीचाच हात पोचला. चिमुरडीने ते उपसून काढलं आणि त्याची मूठ चोखायला लागली.

दुकानदार छताकडे बघू लागला. आबा गुरगुरले, "मग तूच निवड! दिसता कामा नये, पोरीच्या हाती लागता कामा नये, नेमही चुकता कामा नये. नाहीतर पळणं बंद."

"निवडलं, आबा. तुमच्या कमरेला असतं ते. परवाना तुमचा आणि नेमाची कीर्ती तर गावभर. उद्या पहाटे पाचला माझ्यामागे पळायला चला."

पहाटे तिने दार वाजवलं. आबा पांघरुणातूनच बोलले, "जा तू. तळ्याचा रस्ता तसा सुरक्षितच आहे."