दोन काचांचं भिंग

किती वर्षं झाली ते आता कुणी सांगू शकणार नाही, इतक्या जुन्या काळी समुद्राकाठी काच ओतणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे एक नवरा-बायको एकाच भट्टीवर काम करत. नवरा वाळूत शिशाचं भस्म घालून दागिन्यांचे खडे करी. त्याची काच जड असे आणि आत शिरलेला उजेड चांगलाच वाकवी. म्हणून खडे लखलखत. बायको वाळूत झाडांच्या राखेतला खार आणि चुना घालून दिव्यांची भिंगं करी. तिची काच हलकी, उजेडाला कमी वाकवणारी.

एका वर्षी नवरा तापाने गेला.

त्या गावात एक रीत होती. काच ओतणारा गेला, की त्याच्या काचेचे मूठभर तुकडे घरच्या भट्टीतल्या वितळलेल्या काचेच्या पुढच्या रसात टाकायचे, एकदाच. बायकोने टाकले. दुसऱ्या खेपेलाही टाकले. पुढे पुढे मूठभर तुकडे टाकल्याशिवाय तिला भट्टी पेटल्यासारखीच वाटेना. त्या दिवसांत काम बाटल्या-बरण्यांचं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग गावाने तिला खाडीच्या तोंडावरच्या दिव्यासाठी मोठं भिंग करायला सांगितलं. तिथे आत यायची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना खडक. तिचा धाकटा भाऊ मोठ्या होड्यांबरोबर दूर गेला होता आणि अमावास्येच्या सुमारास परतणार होता.

भिंग बसलं, आणि त्याच संध्याकाळी जवळपास मासे धरायला गेलेली एक होडी खडकाला घासून आली. होडीवाला भांडला नाही. एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमचा दिवा दोन दिसतो. आम्ही कुठल्या खाडीत शिरायचं, तेही सांगून ठेवा."

तिने वाळूला दोष दिला. वाळू पुन्हा धुतली, खार नवा आणला, रस जास्त वेळ तापवला आणि सवयीने मूठभर तुकडे टाकले.

नवं भिंग निवल्यावर तिच्या सासूने त्याच्या मागे एक दोरा ताणून धरला. भिंगातून तो मध्येच तुटल्यासारखा दिसत होता. पाण्यात साखरेचा पाक सोडल्यावर दिसतात तशा रेघा काचेत होत्या.

"वाळू चांगली आहे," सासू म्हणाली. "त्याची काच जड, ती तळाशी बसते. तुझ्या काचेत मुरत नाही. एक काच उजेडाला जास्त वाकवते, दुसरी कमी. मग उजेडाने जायचं कुठे?"

सुनेने दोरा सासूच्या हातातून घेऊन गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "सासूबाई, तुकडे टाकले नाहीत, तर भट्टीवर मी एकटीच उरते."

"उरतेस," सासू म्हणाली. "मीही उरले. माझा तर मुलगा होता. पण होडीत तुझा भाऊ आहे."

काच वितळवायच्या जुन्या मुशीत शिसं राहिलं असेल, म्हणून सुनेने नवी मूस घेतली. वाळू, खार आणि चुना. चौथं काही घातलं नाही. भिंग घाई न करता निवू दिलं, आणि अमावास्येच्या आधी दिव्यात बसवलं.

होड्या एकामागून एक सरळ आत आल्या. भाऊ सगळ्यांत मागच्या होडीत होता. त्याने दिव्याबद्दल काही विचारलं नाही. वाट नीट दिसली, की तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याला भूक लागली होती. बहिणीने त्याला वाढलं.

गेलेल्या माणसाची आठवण मनात ठेवावी. ती हातातल्या कामात मिसळली, तर जिवंत माणसांची वाट चुकते.