मागून बघितलेली गाडी

एका गावात एक भोळा शिरपा होता. भोळा म्हणजे किती? तर आई म्हणाली, "दुधावर नजर ठेव," तर गडी दूध उतू जाईपर्यंत बघत बसायचा. नजर काही हलवायचा नाही. ट्रॅक्टर मात्र झकास चालवायचा, खोटं कशाला बोला.

शिरपाचं लग्न जमत नव्हतं. मुली यायच्या, शिरपा तोंड उघडायचा, मुली जायच्या. शेवटी शेजारच्या गावच्या दगडूअण्णांची सारिका जत्रेत त्याच्या मनात भरली. शिरपाला रात्रंदिवस तीच दिसायची. आईनं शिरपाला सोबत नेऊन अण्णांकडं शब्द टाकला. अण्णा म्हणाले, "पोरगी दाखवतो. पण मुलाच्या दारात गाडी पाहिजे. जुनी चालेल. फक्त आपल्या देशात बनलेली बघून घे."

अण्णांचे हात पोळलेले होते. त्यांनी हौसेनं परदेशातून आलेली जुनी गाडी घेतली होती. एक पार्ट गेला, तो कुठंच मिळेना. गाडी परसात उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

"ओळखायची कशी, अण्णा?" शिरपानं विचारलं.

"सोपं आहे. स्टिअरिंग उजवीकडं असलं तर आपली. डावीकडं असलं तर बाहेरची. बाहेरची घेतलीस तर पोरगी विसर."

"असं होय!" शिरपा म्हणाला. "मग तसं सांगायचं की!"

शिरपा तालुक्याला गुलाबभाईंच्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर गेला. एका गाडीसमोर छाती काढून उभा राहिला. काचेतून बघितलं. स्टिअरिंग त्याच्या डाव्या हाताला.

"ही बाहेरची."

दुसरीसमोर उभा राहिला. डावीकडं. "हीपण बाहेरची." अख्खी रांग संपली.

"गुलाबभाई, समद्याच बाहेरच्या भरल्यात की हो!"

गुलाबभाई मटकन खाली बसले.

शिरपा हात हलवत घरी आला. आईनं कपाळावर हात मारला. "अरे बाबा, समोरून बघितलं तर उजवं डावीकडंच दिसणार! मागं उभं राहून बघावं."

"असं होय! मग तसं सांगायचं की!"

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "गाडीचं राहू दे आज. आधी बाजारातनं एक म्हैस बघून ये."

शिरपा बाजारात गेला. चांगली काळीभोर म्हैस होती. शिरपा गेला आणि बरोबर तिच्या मागं उभा राहिला. वाकून निरखू लागला. म्हशीनं आधी शेपटी वर केली. मग जे करायचं ते केलं. मग लाथ घातली.

शिरपा शेणानं माखून, लंगडत घरी आला. आईनं परत कपाळावर हात मारला. "जनावराच्या मागं जातात होय रे? बाजूनं जावं, पाठीवर थाप मारावी, तोंड उघडून दात बघावेत!"

"असं होय! मग तसं सांगायचं की!"

तिसऱ्या दिवशी परत गुलाबभाई. शिरपा एका पांढऱ्या गाडीजवळ बाजूनं गेला. टपावर थाप मारली. "हो, हो, बाई," म्हणाला. मग बॉनेट उघडून डोकं आत घातलं.

"काय शोधतोय?" गुलाबभाईंनी विचारलं.

"दात. एकपण राहिला नाही. लई म्हातारी दिसतीया."

गुलाबभाई हसून हसून बेजार झाले. मग त्यांना दया आली. "भावा, ही बघ आत पाटी. कुठं बनवली ते हिच्यावर लिहिलेलं असतं. वाच."

शिरपानं बोट ठेवून वाचलं. आपल्याच देशातली होती! बाजारभावात सौदा झाला.

"आणि ध्यानात ठेव," गुलाबभाई म्हणाले, "कुठं बनलंय ते वाचल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही."

"असं होय! मग तसं सांगायचं की!"

आता गाडी आली म्हटल्यावर अडचण कसली? शिरपा आईला बसवून ऐटीत दगडूअण्णांच्या दारात गेला. अण्णांनी गाडी बघितली, पाटी वाचली आणि खूश झाले. "शाब्बास! या, पोहे खाऊ."

आईनं कानात सांगितलं, "आता एक अक्षर बोलू नकोस."

सारिका पोह्यांची बशी घेऊन आली. शिरपा बोलला नाही. कुठं बनलीय ते वाचायला त्यानं बशी फक्त उलटी केली. पोहे आईच्या मांडीवर.

"चालायचंच," अण्णा म्हणाले. गाडी फारच मनाजोगती होती. "सारिका, पाहुण्यांना नाव लिहून दाखव."

सारिका समोर बसली. पेन हातात घेतलं. शिरपानं निरखून बघितलं. पेन उजवीकडं. झ्याक! त्याच्या तोंडावर हसू आलं. आणि इतक्यात त्याला आईचा धडा आठवला. तो ताडकन उठला, पाट ओलांडून सारिकाच्या मागं जाऊन उभा राहिला आणि वाकून बघितलं. सारिका होती डावखुरी.

शिरपाचा चेहरा एवढासा झाला. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्याच्या. "अण्णा," तो म्हणाला, "हिचं स्टिअरिंग डावीकडं आहे. ही बाहेरची निघाली! पार्ट मिळायचे नाहीत. आता परसात उभी करावी लागणार, कोंबड्या..."

"ऊठ!" अण्णा गरजले. "ऊठ आणि चालता हो!"

"उभाच आहे, अण्णा."

आणि सारिका हसू लागली. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. "बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुमचा शब्द मोडायला नको म्हणून हा मला रडत रडत सोडायला निघालाय. असा माणूस कुठं मिळणार? मला पसंत आहे." मग शिरपाकडं वळली. "अहो, गाडी मागून बघायची, माणूस समोरून बघायचा. आणि माझ्याकडं पाठ करून कधी जायचं नाही. कळलं?"

"असं होय!" शिरपा उजळून म्हणाला. "मग तसं सांगायचं की!"

अण्णांनी सुस्कारा सोडून साखर वाटली. मुहूर्त ठरला. सारिका दारात उभी राहिली. शिरपानं आईला गाडीत बसवलं, सारिकाकडं तोंड करून हात हलवला आणि गाडी सुरू केली.

संध्याकाळी गावच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. धुरळ्यातनं एक पांढरी गाडी गावात शिरत होती. बूड पुढं, तोंड मागं. आत आईनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढला होता.

"शिरपा, अरे उलटी का आणलीस?"

"बायकोकडं पाठ करायची नाही म्हणून सांगितलंय," शिरपा म्हणाला आणि तसाच घराकडं वळला.