मिठागरातल्या वहाणा

खाडीकाठच्या एका बाजारपेठेत पूर्वी तुळाजी नावाचा वहाणा शिवणारा कारागीर राहायला आला. हात सुबक; पण भांडवल म्हणाल तर घरातलं किडूकमिडूक मोडून घेतलेलं थोडं कातडं. धंद्यासाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, असं त्याने आणि त्याच्या बायकोने, साळूने, ठरवलं होतं.

तुळाजीने सगळ्यांसाठी सगळं केलं. गड्यांच्या वहाणा, बायकांच्या सपाता, नवरदेवाचे जोडे. पण पेठेत जुनी, मोठी दुकानं होती. लोक त्याचा माल हातात घेत, "छान आहे हो" म्हणत आणि नेहमीच्या दुकानात जात. होता होता घरात एकच कातडं उरलं.

जत्रा तोंडावर आली होती. साळू म्हणाली, "याचे जरीचे जोडे करा. जत्रेत सगळेच घेतात."

"आणि सगळेच विकतात," तुळाजी म्हणाला.

त्याच संध्याकाळी हिरूबाय दारावर मीठ विकायला आली. मिठागरात राबणारी बाई. पाय अनवाणी, टाचांना खोल चिरा.

साळूने विचारलं, "पायात काही घालत का नाहीस गं?"

"घालून बघितलं, बाय. खाऱ्या पाण्यात खिळे गंजतात, शिवण कुजते. दुकानदार म्हणतात, तुम्ही मूठभर माणसं, तुमच्यासाठी वेगळं कोण करणार?"

ती गेल्यावर तुळाजी म्हणाला, "हे कातडं मी हिच्यासाठी कापतो."

साळू दचकली. "हे गेलं की आपल्याकडे काही नाही! आणि माणसं मूठभर, तीच म्हणाली ना?"

"मूठभर आहेत, पण त्यांना गरज आहे. जत्रेत आपल्यावाचून कोणाचं अडलंय?"

साळूने कातड्याचं दुसरं टोक ताणून धरलं.

पहिला जोड आठवड्यात उसवला. तुळाजीचा चेहरा पडला. हिरूबाय म्हणाली, "उसवला खरा, पण चालताना बरं वाटलं. पुन्हा कर."

तुळाजी तिच्याबरोबर मिठागरात गेला. तशाच वहाणा घालून दिवसभर खाऱ्या पाण्यात उभा राहिला. पाणी कुठून शिरतं, शिवण कुठे झिजते, ते त्याने स्वतःच्या पायाने ओळखलं. मग उरलेलं कातडं करंजेलात मुरवलं, दोऱ्याला मेण चोळलं, खिळ्यांऐवजी बांबूच्या खुंट्या ठोकल्या.

तो जोड सबंध हंगाम टिकला. हिरूबायच्या टाचा भरून आल्या. ते पाहून शेजारच्या मिठागरातल्या बाया आल्या, मग खाडीपलीकडून होडीने माणसं येऊ लागली. साळू दोरे वळता वळता दमून जाई.

पुढे पेठेत मिठागरातला कोणी वहाणा विचारू लागला, की मोठे दुकानदारच सांगत, "आमच्या टिकायच्या नाहीत रे बाबा. तू तुळाजीकडे जा."

तात्पर्य: हाताशी थोडं असेल, तर सगळ्या गावाला पुरवायला धावू नये; ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यांची नड मनापासून भागवावी.