चालत्या पट्ट्यावरची कुस्ती

“मी पट्ट्यावर चालायचं, अन् फोटो काळजाचा? ही कसली रीत, वस्ताद?”

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या ह्यांनी हा सवाल टाकला, तिथून सगळं सुरू झालं.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही चौघं होतो. हे, म्हणजे हिंदुराव पैलवान. त्यांचे मौला वस्ताद. मी, आणि माझ्या मांडीवर दोन वर्षांची मुलगी.

वस्तादांचं वय अठ्ठ्याहत्तर. उभ्या जन्मात त्यांची पाठ मातीला लागली नाही, असं तालमीत सगळे सांगतात.

“कार्डिओग्राम चांगला आलाय,” हे म्हणाले. “काळीज ठणठणीत हाय.”

“त्यो झोपून काढला का चालताना?”

“झोपून.”

“झोपल्यावर समदं गावच पैलवान असतंय...”

ह्यांनी कार्डिओग्रामची घडी करून खिशात घातली.

“जिन्यात थांबतोस म्हणं?”

“चपलेचा बंद बांधाया थांबतो.”

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, “दर वळणाला बांधतात. चपलेला बंदच न्हाईत.”

तेवढ्यात सिस्टर आली. ह्यांच्या हाताला सुई लावून तिनं नीट समजावलं. जोरात चालून ठोके वाढले की सुईतून औषध सोडायचं. ते रक्ताबरोबर काळजात जिथं पोचेल तिथं फोटो उजळ येतो, कमी पोचेल तिथं अंधार. मग आराम करून पुन्हा फोटो, आणि दोन्ही ताडून बघायचे.

“दुखलं की लगेच सांगायचं. आणि औषध किरणांचं आहे, आज बाळाला जवळ घ्यायचं नाही.”

“दुखतंय म्हणणं आपल्या रक्तात न्हाई,” असं म्हणून हे मिशीवर हात फिरवत आत गेले.

हा माणूस मरेल, पण थांबा म्हणणार नाही. तालमीची शिकवणच तशी. आणि शिकवणारे माझ्या शेजारीच बसलेले.

थोड्या वेळानं डॉक्टर दारात आले.

“अहो, ह्यांना घाम फुटलाय, चेहरा उतरलाय. दुखतंय का विचारलं की म्हणतात, अजून वाढवा! खरं सांगणार नसतील तर मला तपासणी अर्धीच सोडावी लागेल.”

वस्ताद उठले. पटका काढून माझ्या हातात दिला. दारात गेले.

आणि तिथंच, फरशीवर, सगळ्यांसमोर... उताणे झोपले. दोन्ही खांदे नीट टेकवले.

“वस्ताद!” आतून हे ओरडले.

सिस्टर धावत आली. “आजोबा, चक्कर आली का?”

“न्हाई बाई. कुस्ती चाललीया, बाजूला हो.” मग छताकडं बघत ते म्हणाले, “हिंद्या, मी चीत झालो. आता तू बोल.”

आत पट्टा घरघरत चालूच होता.

“दुखतंय,” हे म्हणाले. “मघापासनं. डाव्या हातापातुर.”

डॉक्टरांनी लगेच औषध सोडलं आणि पट्टा थांबवला.

दुपारी दोन्ही फोटो आले. आरामाच्या फोटोत काळीज उजळ, सारखं. मेहनतीच्या फोटोत मात्र एका अंगाला काळी जागा.

“नस अरुंद झाल्यासारखी दिसते. पण तिथला स्नायू जिवंत आहे,” डॉक्टर म्हणाले. “वेळेवर आलात.” आणि अँजिओग्राफीची तारीख दिली.

मुलगी बापाकडं झेपावत होती. मी तिला घेऊन लांबच उभी होते, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

हे मान खाली घालून म्हणाले, “वस्ताद, पाया पडतो. आजचं तालमीत कुणाला सांगू नका.”

वस्ताद पटका बांधत होते.

“आरं, तूच जाऊन सांग. एकूण एकाला सांग, मौला वस्ताद चीत झाला म्हणून. कुणी केला इचारलं, तर म्हणावं... ज्यानं ‘दुखतंय’ म्हटलं, त्यानं.”