घड्याळाचं चित्र

“पण दाजी, जुनं हवंय कोणाला?”

मिहीरच्या आवाजात तोरा होता. असणारच. पाठ थोपटून घ्यायला पुण्याहून पेढे घेऊन आला होता तो.

दाजी हेर्लेकर खाटेवर बसून ऐकत होते.

कृष्णेच्या घाटामागे दोन खोल्या, एक खाट, एक टेबल, एवढाच या म्हाताऱ्याचा संसार. अंधांना कॉम्प्युटर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी उभं आयुष्य खर्चून घडवलं आणि फुकट वाटलं. हात थरथरायला लागले, तेव्हा वेबसाइटसकट सगळं मिहीरच्या स्वाधीन केलं. शिष्य पुष्कळ होते, पण जीव या पोरावर होता.

दाजींच्या काळी डाउनलोडच्या पानावर पहिलीच ओळ असायची, ‘नवं चालत नसेल तर जुनं इथे आहे.’ नवं त्याच्या खाली. लोक हसायचे. शिळं पुढे मांडून ताजं मागे ठेवणारा असा कसला हा दुकानदार!

मिहीरने ती ओळ काढली.

“टाकून नाही दिलं हं मी जुनं. वर कोपऱ्यात घड्याळाचं छोटंसं चित्र आहे. ते दाबलं की जुन्या सगळ्या आवृत्त्या हजर. पान बघा ना, किती स्वच्छ दिसतं!”

“दिसतं खरं,” दाजी म्हणाले.

…

“बार्शीहून वत्सलाबाईंचा फोन आला होता तुला?”

मिहीर हसला. “त्या होय! एकदा नाही, सारखा यायचा. जुनं कुठे आहे, जुनं कुठे आहे. शेवटी म्हटलं, पानावरच आहे की, नीट बघा.”

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. वत्सलाबाईंना जन्मापासून दिसत नव्हतं.

“हा त्यांचा कॉम्प्युटर.” दाजींनी टेबलाकडे बोट केलं. “दुरुस्तीला दिला होता. दुकानदाराने तुझं नवं घातलं. या जुन्या यंत्रावर ते चालेना. मग दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून बाईंनी तुझं पान स्वतः ऐकलं. दिवसभर. मी तेव्हा मिरजेला दवाखान्यात. त्यांचा भाचा परवा हा देऊन गेला.”

“आणि त्या?”

“संक्रांतीनंतर गेल्या.”

मिहीरने हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

“वडील कीर्तनकार. त्यांची आख्यानं बाईंना तोंडपाठ. कुठे छापलेली नाहीत, दुसऱ्या कोणाला येत नाहीत. ती लिहून काढत होत्या. आपलं लिहिलेलं ऐकायचं आणि पुढचं लिहायचं. आवाज बंद झाला, लिहिणंही बंद झालं.”

…

“मी आत्ता जुनं घालतो यात,” मिहीर घाईघाईने म्हणाला. त्याने आपला लॅपटॉप उघडला.

दाजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्क्रीनवर टाकलं.

“शोध आता.”

मिहीरने बोटं चालवली. त्याचंच सॉफ्टवेअर त्याचंच पान वाचू लागलं. “नवी आवृत्ती. दुवा. चित्र. चित्र. नवी आवृत्ती. चित्र.”

पुन्हा वरून. “चित्र. चित्र.”

हे चित्र कसलं, ते चित्र कसलं, कोण सांगणार? अंधांसाठी पान बनवलं आणि चित्रांना नावं द्यायलाच हा शहाणा विसरला होता.

“दाजी, जरा उपरणं उचलू?”

“त्यांचं कोणी उचललं होतं?”

मिहीरने हात मागे घेतला. मग एकेक चित्र तो दाबत सुटला. एक फेसबुकवर गेलं. एकाने त्याचाच हसरा फोटो उघडला, हे त्याला नंतर कळलं. घाटावरची दुपारची आरती झाली, संपली. तेव्हा कुठे लॅपटॉप म्हणाला, “जुन्या आवृत्त्या.”

पेनड्राइव्हवर घेऊन त्याने ते जुनं वत्सलाबाईंच्या कॉम्प्युटरवर घातलं. यंत्र घरघरलं आणि बोललं. जुनाच आवाज, थोडा घोगरा.

शेवटची फाइल त्याने उघडली.

“राजा रथातून उतरला. एका मुलाला सुळावर चढवल्यापासून तो झोपला नव्हता. मुलगा निर्दोष होता हे त्याला उशिरा कळलं. त्या मुलाच्या आईच्या झोपडीपाशी तो आला. दार वाजवलं. आतून म्हातारीने विचारलं, कोण आहे? राजा म्हणाला”

आवाज थांबला.

मिहीरने पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच थांबला. खालपर्यंत जाऊन पाहिलं. खाली काही नव्हतं.

“पुढे?” तो दाजींकडे वळला. “दाजी, राजा काय म्हणाला? सांगा ना… पुढे काय आहे?”

दाजींनी उपरणं झटकून खांद्यावर घेतलं.

“पानावरच आहे की,” ते म्हणाले. “नीट बघ.”