हाकेची वेळ

“पण बुवा, चांगल्या विचारांनाही रेशन लावायचं का?”

अच्युतराव हुद्दार घाटावर उभ्याउभ्याच विचारत होते. निवृत्त मुख्याध्यापक. रागात बसायचंही भान नव्हतं.

मठाच्या भक्तांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यावर अच्युतराव पहाटेच सुरू व्हायचे. सुविचार, श्लोक, श्लोकांचे अर्थ, अर्थांवरची टिपणं. लोक जोडलेले हात पाठवून सुटका करून घ्यायचे. अच्युतरावांना तेवढ्यानेही मूठभर मांस चढायचं.

शेवटी ग्रुप सांभाळणाऱ्या शैलाताईंनी नियम केला. दिवसाला एका माणसाचा एकच मेसेज.

“माझी श्रवणभक्तीवरची लेखमाला अर्धवट राहिली, बुवा!”

मठाचे दादाबुवा पायरीवर बसून नदीकडे बघत होते.

“हाकेची वेळ व्हायचीय अजून. तोवर बोल.”

इथे नदीला पूल नाही. दिवस मावळताना अलीकडच्या काठावर सगळे गप्प होतात, धुणंसुद्धा थांबतं. पलीकडे कोणी राहिलं असेल तर त्याची हाक नावाड्याला ऐकू यावी म्हणून.

बुवांनी विचारलं, “यशवंतनाना गेले, कळलं?”

“कळलं की! ग्रुपवर श्रद्धांजली पहिली माझीच होती.”

“त्यांची लेक काल येऊन गेली. म्हणाली, गेले त्या सकाळी नानांनी ग्रुपवर काही लिहिलं होतं.”

“नानांनी? ते कधीच काही लिहीत नसत.”

“बघ.”

अच्युतरावांनी फोन काढला. बोट वर वर सरकू लागलं. त्यांचा सुविचार. त्यांचा श्लोक. पुन्हा त्यांचाच सुविचार...

बोट थांबलं.

‘सकाळपासून बरं वाटत नाही. जवळ कोणी असेल तर जरा या.’

त्याच्या लगेच खाली, ‘श्रवणभक्ती, भाग नववा’. मग दहावा.

अच्युतराव मटकन खाली बसले. नानांचं परस त्यांच्या परसाला लागून होतं. मध्ये एक भिंत. रोज संध्याकाळी दोघं त्या भिंतीपाशी उभे राहून बोलायचे. म्हणजे अच्युतराव बोलायचे.

“मी घरातच होतो, बुवा... भिंतीच्या अलीकडे. लिहीत होतो.”

बुवांचेही डोळे भरले होते.

“एकानंही वाचलं नाही?” अच्युतरावांनी विचारलं.

“कोणी वाचेपर्यंत ते वर सरकून गेलं असेल.”

अच्युतराव लहान मुलासारखे रडले. मग पुन्हा फोन उघडला.

“माफी मागतो. सगळ्यांसमोर मागतो. सविस्तर लिहितो...”

घाटावरचं धुणं थांबलं. बायकांनी पिळे हातातच धरले. नावाड्याने विडी विझवली आणि पाण्याकडे कान लावला.

“बुवा, सांगा ना... सुरुवात कशी करू?”

दादाबुवांनी त्यांच्या फोनवर आपला तळहात ठेवला.

“शू... पलीकडं कुणीतरी आहे.”