एका पंख्याचा वारा

"मग भन्ते, आता तरी सांगा. काम कोणाकडे?"

विहारातल्या खोलीत भदंत सोणुत्तर फडक्यातून पाणी गाळत होते. माठ भरला, फडकं पिळून त्यांनी दोरीवर टाकलं, मग वळून पाहिलं.

सुगत खोब्रागडे पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून उभा होता.

"हा माझ्या ग्राफिक्स कार्डाचा वेग. तो अश्वजीतच्या. माझं जुनं, त्याचं यंदाचं. किमतीत तर तुलनाच नाही. तरी माझं पुढे."

शेजारच्या स्टुलावर अश्वजीत रंगारी मान खाली घालून बसला होता. दोघांचे संगणक एकाच टेबलावर शेजारी शेजारी होते. दोघांच्या पडद्यांवर एकच स्तूप सावकाश फिरत होता.

वैनगंगेच्या काठी त्या गावाबाहेर एक टेकाड आहे. आत स्तूप आहे, असं जुनी माणसं सांगत आली. या दोघांनी वर्षभर उन्हातान्हात टेप धरून मापं घेतली, उघड्या पडलेल्या विटांचे फोटो काढले आणि तो स्तूप संगणकावर उभा केला. आता त्याची फिल्म करायची होती. बुद्धपौर्णिमेला सगळं गाव विहारात जमतं. तेव्हा ती भिंतीवर दाखवायची.

टेकाडाची माती वीटभट्टीसाठी रोज थोडी थोडी जात होती. माती नेणारे गावचेच होते. मातीखाली काय आहे हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं, तर फावडं थांबेल. एवढीच आशा होती.

फिल्मचं एकेक चित्र रंगवण्याचं काम संगणकातलं ग्राफिक्स कार्ड करतं. कोणाच्या कार्डावर करायचं, इथे दोघांचं अडलं. ज्याच्या यंत्रावर फिल्म, त्याचं नाव पहिलं. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचं झालं तर भन्तेंना सांगत.

भन्ते बाकावर बसले.

"तुझं कार्ड म्हातारं म्हणतोस."

"कार्डांच्यात आजोबाच, भन्ते. सायबर कॅफे बंद पडला तेव्हा घेतलं. उघडून साफ केलं, आतली उष्णता ओढणारी पेस्ट बदलली."

"आणि आजोबा नातवाच्या पुढे पळतात?"

"ओव्हरक्लॉक केलंय ना. कंपनीनं जेवढा वेग ठरवून दिला, त्याच्या वर नेलंय. थोडं थोडं ताणत नेलं. एकदम ताणलं तर बंद पडतं."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. रोज चुकत चुकत शिकलो."

हे सांगताना त्याचा आवाज बदलला होता. भन्तेंनी मान हलवली. वाकून ते जुनं कार्ड नीट पाहिलं.

"चांगलं केलंस."

सुगतला एवढंच हवं होतं, असं वाटलं. पण तो हलला नाही.

"मग काम माझ्याकडे?"

"अश्वजीतचं कार्ड ताणलंय?"

"नाही. ते डब्यातून काढलं तसंच आहे."

"का?"

"ते त्याचं काम, भन्ते."

अश्वजीत खालीच बघत म्हणाला, "मला नाही येत ते, भन्ते. बिघडलं तर? भावजीनं घेऊन दिलंय."

"येत नाही तर एवढं महागाचं घ्यायचं कशाला म्हणावं," सुगत भन्तेंना म्हणाला.

"ज्याला येतं त्यानं कधी सांगितलं का म्हणावं," अश्वजीतही भन्तेंनाच म्हणाला.

भन्ते दोघांच्या मध्ये बसले होते. त्यांनी कोणाचाच निरोप कोणाला पोचवला नाही.

चैत्र संपत आला होता. दारातून येणारी झळ अंगाला लागत होती. खोलीत एकच टेबलफॅन होता. सुगतने कॅबिनेटची बाजू उघडून ठेवली होती आणि पंख्याचं तोंड बरोबर आपल्या कार्डावर आणलं होतं. अश्वजीतचं कॅबिनेट बंदच होतं.

भन्ते उठले. त्यांनी पंख्याचं तोंड धरलं आणि वळवून अश्वजीतच्या बाजूला केलं. मग येऊन पुन्हा बाकावर बसले.

"भन्ते... पंखा."

"हं."

"माझ्या कार्डाला लागतो तो."

"आकडा तुझ्या कार्डाचा आहे ना?"

सुगत पडद्याकडे वळला.

पडद्यावरचा स्तूप फिरत राहिला. कार्ड तापलं तसा कोपऱ्यातला आकडा मात्र उतरू लागला. आधी थोडा, मग भराभर. कार्डावरचे छोटे पंखे घरघरू लागले. सुगतच्या कपाळावर घाम आला, पण त्याने हात मागे बांधले. भन्तेंनी वळवलेला पंखा त्यांच्यासमोर कसा फिरवायचा...

स्तूपावर हिरवे ठिपके उमटले.

अश्वजीत ताडकन उठला. त्याने पंखा धरून पुन्हा सुगतच्या कार्डाकडे वळवला.

"जळंल ना बे ते!"

कित्येक दिवसांत तो सुगतशी पहिल्यांदा बोलला होता.

सुगत त्याच्याकडे वळला.

"तुला काय करायचं त्याचं?"

"काय करायचं म्हणजे? पेस्ट लावताना टॉर्च कोणी धरला होता? तीनदा सांडवली होती तू पेस्ट."

"दोनदा."

"तीनदा. एकदा माझ्या पँटवर."

ठिपके गेले. आकडा हळूहळू वर येऊ लागला. छोट्या पंख्यांची घरघर उतरली.

 भन्ते बाहेर पाहत होते. टेकाडाच्या बाजूने एक ट्रॅक्टर येत होता. मागची ट्रॉली मातीने भरलेली होती. तो विहारासमोरून गेला तेव्हा खिडकीची तावदानं किंचित थरथरली.

तिघांनीही तो पाहिला. 

मग सुगतने आपलं स्टूल ओढलं आणि अश्वजीतच्या संगणकासमोर नेलं.

"सरक बे."

"काहून?"

"तुझं कार्ड नुसतं झोपलंय. उठवू दे."

"बिघडलं तर?"

"नाही बिघडत. हात माझा, डोळे तुझे. हा आकडा उष्णतेचा. याच्यावर लक्ष ठेव. लालकडे गेला की बोल."

त्याने अश्वजीतच्या कॅबिनेटची बाजू उघडली. आत अजून कोरेपणाचा वास होता. एक प्लास्टिकचं पातळ कव्हर तसंच चिकटलेलं होतं.

"हेही काढलं नाहीस?"

"शोभेचं वाटलं."

सुगत हसला नाही, पण कव्हर सोलताना त्याने मान वळवली.

त्याने वेग थोडा वाढवला. चाचणी लावली. थांबला. पुन्हा थोडा वाढवला. एका ठिकाणी पडदा काळा झाला आणि अश्वजीतने डोळे मिटून घेतले.

"मेलं?"

"नाही. नको म्हणतंय. एक पाऊल मागे घ्यायचं. इथे ऐकायचं असतं त्याचं."

"तुला कसं कळलं इथवर जाईल म्हणून?"

"नव्हतं कळलं. आता कळलं."

दुपार कलली. भन्ते बाकावर डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नाही, ते सांगता येत नाही.

मध्येच सुगत म्हणाला, "पंखा."

अश्वजीतने सुगतच्या कार्डाकडे पाहिलं.

"मग तुझ्याला?"

"मी माझी चाचणी थांबवतो. इकडे घे."

अश्वजीतने पंखा वळवला. सुगतने शेवटची चाचणी लावली. दोघे पुढे वाकून बघू लागले. स्तूप फिरत राहिला, स्वच्छ, एकही ठिपका नाही. कोपऱ्यातला आकडा चढत गेला. सुगतच्या आकड्याशी आला. तिथे थांबला नाही. पुढे गेला, आणि बराच पुढे गेला.

सुगत सावकाश सरळ बसला.

अश्वजीतला आनंद व्हायला हवा होता. तो नुसता आकड्याकडे पाहत बसला.

"भन्ते," सुगत म्हणाला. "हरलो."

भन्तेंनी डोळे उघडले.

"कोणाकडून?"

सुगतने अश्वजीतच्या कार्डाकडे पाहिलं. मग अश्वजीतकडे. मग माउसवर अजून तसाच असलेल्या स्वतःच्या हाताकडे.



"कोणाकडून?"

"सांगता येत नाही, भन्ते."

"असू दे."

सुगत उठला. आपल्या कॅबिनेटची बाजू लावू लागला. एक स्क्रू फिरवला.

"काम अश्वजीतकडे द्या. नावही त्याचंच पहिलं."

"मला नको," अश्वजीत म्हणाला.

"काहून?"

"एकट्यानं पौर्णिमेपर्यंत होत नाही. हा नवा वेग धरूनही नाही. आताच बसल्या बसल्या हिशेब केला."

सुगतचा हात स्क्रूवर थांबला.

"माझ्यानंही होत नव्हतं," तो हळू म्हणाला.

"मग कालपासून भन्तेंना काय सांगत होता?"

"होईल म्हणून सांगत होतो."

"माहीत असून?"

"तूही तेच सांगत होता."

अश्वजीतने डोकं खाजवलं. "हो."

बाहेर ट्रॅक्टर रिकामा परत निघाला होता, टेकाडाकडे.

भन्ते उठले. पंख्यापाशी गेले. पंख्याच्या मानेवर मागे एक बटण असतं. ते त्यांनी खाली दाबलं.

कट् असा आवाज झाला. पंखा क्षणभर थबकला आणि दोन्हीकडे मान फिरवू लागला. अश्वजीतच्या कार्डावरून सुगतच्या कार्डावर, आणि परत.

दोघे मान वळवून वळवून त्या वाऱ्याकडे पाहत राहिले.

"अर्धी चित्रं इकडे, अर्धी तिकडे..." अश्वजीत पुटपुटला.

"जमणार नाही," सुगत म्हणाला. त्याने मात्र लावलेली बाजू पुन्हा उघडली होती. "दोघांना अर्धाच वारा मिळेल. दोन्ही कार्डं सैल करावी लागतील. माझं आता जेवढं पळतं तेवढं पळणार नाही. याचंही नाही. दोघांचाही आकडा खाली येईल, भन्ते."

भन्तेंनी दोरीवरचं फडकं चाचपून पाहिलं. वाळलं होतं. त्यांनी ते घडी करून खांद्यावर टाकलं आणि दाराकडे निघाले.

"भन्ते, अर्ध्या वाऱ्यात पौर्णिमा कशी गाठायची?"

उंबऱ्यापाशी ते थांबले.

"दोघांचं मिळून मोजून बघ."